विस्मरणाला चेहरा कुठून आणायचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नाटक लिहीत आहेत. त्यात 'विस्मरण' नावाचं एक पात्र आहे. पहिल्या वाचनानंतर ऐकणाऱ्यांनी सांगितलं की बाकीची माणसं जिवंत वाटतात, पण विस्मरण आलं की रंगमंचावर कुणीतरी पाटी घेऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमूर्त कल्पनांना माणसाचं रूप द्यायची रीत आली कुठून? ही रूपं खरी दैवतं मानायची की कवींचे अलंकार? आणि त्यांतली बहुतेक बायकांच्याच रूपात का असतात?

मी तीसेक वर्षं मूर्तिशास्त्र आणि चित्रांतली रूपकं शिकवतो आहे. ताईंना आलेली अडचण मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत दर वर्षी पाहतो. म्हणून उत्तर जरा लांबलं तरी चालेल, पण मुळापासून देतो.

शाळेत आपण 'चेतनगुणोक्ती' शिकतो. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं वर्णन केलं की चेतनगुणोक्ती. चंद्र हसला, वारा रुसला, इथवर ही व्याख्या पुरते. पण श्रद्धा, कीर्ती, मृत्यू, न्याय या वस्तूच नाहीत. त्यांना आधी आकारच नसतो, मग त्या माणसासारख्या वागणार कशा? याचं उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' हे वाक्य नीट ऐका. त्यात दोन जण आहेत. एक दारापर्यंत येऊन पोचला, दुसरी वाटेतच राहिली. दोघांना चेहरा नाही, कपडे नाहीत, वय नाही, तरी दोघे चालत येतात. झोप येते, राग चढतो, संशय डोकं वर काढतो, दारिद्र्य पाचवीला पुजलेलं असतं. कुणाच्या घरावर अक्काबाईचा फेरा येतो. ही अक्काबाई म्हणजे अलक्ष्मी, लक्ष्मीची थोरली बहीण. संस्कृतात तिला ज्येष्ठा म्हणतात, आणि 'अक्का'चा अर्थही थोरली बहीणच. तिच्या मूर्ती आहेत, केरसुणी, कावळ्याचा ध्वज आणि गाढव ही तिची ओळख आहे. पण ज्यांनी ती मूर्ती कधी पाहिलेली नाही, त्यांच्याही तोंडी तिचा 'फेरा' असतो. ती फेरी मारते एवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. अमूर्ताला देह मिळतो तो क्रियापदातून. चेहरा, कपडे, हातातल्या वस्तू हे सगळं नंतरचं. जिथे क्रियापद पक्कं असतं तिथे पात्र जगतं, आणि जिथे नुसतं नाव देऊन वेशभूषा चढवलेली असते तिथे पाटी दिसते.

हा विचार मी शोधलेला नाही. वेदांतल्या शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या यास्कांनी 'निरुक्त' या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात देवतांच्या आकाराचा प्रश्न सरळ मांडला आहे: देवता माणसासारख्या असतात की नसतात? एक मत म्हणतं, असतात, कारण त्यांची स्तुती सचेतन व्यक्तीसारखी केली जाते, त्यांना हात, मूठ असे अवयव सांगितले जातात, रथ, घोडे, बायको, घर अशा माणसाच्या गोष्टी त्यांच्याजवळ असतात, आणि खाणं, पिणं, ऐकणं अशी माणसाची कामं ते करतात. दुसरं मत म्हणतं, नसतात. अग्नी, वायू, सूर्य, पृथ्वी जे डोळ्यांना दिसतात ते माणसासारखे कुठे आहेत? आणि स्तुतीचंच म्हणाल तर सूक्तांत जुगाराच्या फाशांची आणि औषधी वनस्पतींचीही सचेतन असल्यासारखी स्तुती आहे, सोम कुटायच्या दगडांनासुद्धा तोंडं आहेत. तिसरं मत दोन्ही शक्यता मान्य करतं. यास्क वाद मिटवायची घाई करत नाहीत. इतक्या जुन्या काळात इतक्या मोकळेपणाने हा प्रश्न विचारला गेला याचं मला दर वेळी शिकवताना अप्रूप वाटतं.

आता ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलाकडे या. तिथे मन्यूची, म्हणजे आवेशयुक्त क्रोधाची, दोन सूक्तं आहेत, ८३ आणि ८४. वाणी स्वतः 'मी' म्हणून बोलते ते सूक्त १२५ वं. आणि १५१ वं श्रद्धेचं. हे श्रद्धासूक्त जेमतेम पाच ऋचांचं आहे. शेवटच्या ऋचेत तिला सकाळी, माध्यान्ही आणि सूर्य मावळताना हाक मारली आहे आणि मागणं काय, तर 'श्रद्धे, आम्हाला श्रद्धा दे'. यात रूपवर्णन नावालाही नाही, तरी ती समोर उभी आहे असं वाटतं, कारण तिच्याकडे काहीतरी मागितलं जातं आहे आणि ती ते देऊ शकते.

याच्या अगदी उलट स्वभावाची एक स्त्री अथर्ववेदात आहे. पाचव्या कांडाचं सातवं सूक्त अरातीला उद्देशून आहे. अराती म्हणजे न देणं, हात आखडता घेणं. दक्षिणा नेली जात असताना ती मधे उभी राहते, म्हणून कवी तिला म्हणतो, आडवी येऊ नकोस, आणलेली दक्षिणा रोखून धरू नकोस. पुढे येतं की ती नग्न होऊन माणसाच्या स्वप्नात जाते आणि त्याचे बेत, त्याचे संकल्प हाणून पाडते. आणि तिचा रंग? सोन्याचा. केस, वस्त्र, कांती सगळं सोनेरी. कंजूषपणाला कुणी कुरूप म्हातारी केलं असतं तर ते पटकन समजलं असतं आणि तितक्याच पटकन विसरलंही गेलं असतं. या कवीला माहीत होतं की हात आखडतो तेव्हा समोर काहीतरी फार सुंदर चमकत असतं. त्याने तिची निंदा करण्याऐवजी तिला नमस्कार केला आहे. तो नमस्कार अर्थातच 'तू जा' म्हणून आहे.

इथूनच दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. देवता की अलंकार? माझ्या मते हे आकृतीकडे बघून कधीच ठरवता येत नाही. लोक तिच्याशी काय करतात ते बघावं लागतं. तिला हाक मारतात, काही वाहतात, तिला भितात, तर ती देवता. फक्त ओळखतात आणि अर्थ लावतात, तर ते प्रतीक. बोलण्याच्या ओघात नुसती येऊन जाते, तर तो अलंकार. आणि एकच आकृती या तिन्ही घरांतून ये-जा करत असते.

रोमचा इतिहास यासाठी फार उपयोगी आहे, कारण रोमन लोकांनी एकोपा, विश्वास, आशा, मर्दुमकी, शांतता यांची चक्क देवळं आणि वेद्या बांधल्या. इसवीसनपूर्व १२१ मध्ये ओपिमियस या कॉन्सलने, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, गायस ग्रॅकस हा सुधारक नेता आणि त्याचे समर्थक यांची कत्तल घडवून आणली आणि त्यानंतर कॉन्कॉर्डियाचं, म्हणजे एकोप्याच्या देवीचं, देऊळ उभारलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की एका रात्री कुणीतरी त्या देवळावरच्या लेखाखाली ओळ लिहून ठेवली: बेबनावाच्या वेड्या कृत्याने एकोप्याचं देऊळ बांधलं. ज्याने ती ओळ लिहिली त्याच्या लेखी एकोपा ही नुसती कल्पना नव्हती. तिचा अपमान होऊ शकत होता.

पाचशे वर्षांनी त्याच शहरात विजयादेवीवरून वाद झाला. सिनेटच्या सभागृहात ऑगस्टसने बसवलेली व्हिक्टोरियाची मूर्ती आणि वेदी होती. ख्रिस्ती सम्राट ग्रेशियनने ३८२ मध्ये वेदी हलवली. ३८४ मध्ये जुना धर्म मानणाऱ्या सिमॅकस या सिनेटरने ती परत मिळावी म्हणून अर्ज केला, मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि अर्ज फेटाळला गेला. पण गंमत पुढे आहे. नाण्यांवरची पंखवाली व्हिक्टोरिया ख्रिस्ती सम्राटांच्या काळातही तशीच राहिली, आणि सहाव्या शतकात सोन्याच्या नाण्यावर तिची जागा पंखवाल्या देवदूताने घेतली. पंख तेच, उभं राहणं तेच. वेदीसमोर धूप जाळणं बंद झालं तेव्हा देवता गेली, आकृती मात्र नव्या घरी राहायला गेली.

ग्रीक कवी हेसिअड याने हा प्रश्न एका ओळीत सोडवून टाकला आहे, आणि तीही अफवेबद्दल. पुष्कळ लोक जे बोलतात ते पूर्णपणे कधीच नाहीसं होत नाही, तीही एक प्रकारची देवीच आहे, असं तो म्हणतो. त्याचा निकष बघा: जे माणसाच्या हाती राहत नाही आणि माणसावर चालून येतं, ते दैवत. या निकषाने बघितलं तर देवीमाहात्म्यातली 'या देवी सर्वभूतेषु' ही स्तुती नव्याने उमगते. तिथे बुद्धी, दया, शांती, लज्जा या तर आहेतच, पण क्षुधा आहे, निद्रा आहे, तृष्णा आहे, आणि शेवटाकडे भ्रांतीही आहे. चुकणं हेसुद्धा देवीचंच रूप म्हणून तिला नमस्कार आहे. चांगल्या गुणांची यादी करायची असती तर भ्रांती तिथे आलीच नसती. जे जे आतून माणसाचा ताबा घेतं ते ते तिथे आलं आहे.

पात्राला चेहरा देण्याआधी त्याला आईबाप द्यावेत, हे मी जुन्या ग्रंथांतून शिकलो. भागवताच्या चौथ्या स्कंधात दक्षाच्या तेरा मुली धर्माच्या बायका होतात आणि प्रत्येकीचं मूल सांगितलं आहे. श्रद्धेचा शुभ, मैत्रीचा प्रसाद, दयेचा अभय, शांतीचा सुख. इथवर अपेक्षित आहे. मग येतं: पुष्टीचा मुलगा स्मय, म्हणजे गर्व. उन्नतीचा मुलगा दर्प. आई चांगली, धर्माची पत्नी, आणि पोटी अहंकार. बुद्धीचा अर्थ, मेधेची स्मृती, आणि तेरावी मूर्ती नावाची, तिच्या पोटी नर-नारायण. उन्नतीमागून दर्प येतो हे निबंधात लिहिलं तर उपदेश होतो. तेच घरातलं नातं म्हणून सांगितलं की ऐकणारा थांबतो, कारण अशी आई आणि असा मुलगा त्याने पाहिलेले असतात. पलीकडच्या घरात अधर्माची बायको मृषा, म्हणजे खोटेपणा. तिची मुलं दंभ आणि माया, त्यांच्यापासून लोभ आणि निकृती म्हणजे लबाडी, मग क्रोध आणि हिंसा, मग कली आणि दुरुक्ती, असं करत वंश भय आणि मृत्यूपर्यंत आणि शेवटी यातना आणि नरकापर्यंत पोचतो. वाईट शब्द ही कलीची बहीण आणि भयाची आई. हे सगळं एखाद्या वाड्यातला वंशवृक्ष वाचावा तसं वाचता येतं.

हेसिअडने हेच रात्रीच्या बाबतीत केलं. झोप, मरण, स्वप्नं, म्हातारपण, फसवणूक, कलह ही सगळी रात्रीची मुलं. पण दुसऱ्या काव्यात त्याने स्वतःलाच दुरुस्त केलं. तिथे तो म्हणतो की कलह एकच नाही, दोन बहिणी आहेत. एक युद्ध पेटवते. दुसरी आळशालाही कामाला लावते, तिच्यामुळे कुंभार कुंभाराशी आणि सुतार सुताराशी चढाओढ करतो, आणि ती माणसांच्या भल्याची आहे. आपली कल्पना पुरेशी खरी नाही हे जाणवल्यावर त्याने व्याख्या बदलली नाही, एक बहीण वाढवली.

चित्र आणि शिल्पात गेलं की हातातल्या वस्तूंचा प्रश्न येतो. इथेच बहुतेक जण फसतात. १५९३ मध्ये रोममध्ये चेझारे रिपा याने अमूर्त कल्पना कशा रंगवाव्यात याचा एक मोठा कोश छापला, १६०३ च्या आवृत्तीत त्यात चित्रंही आली, आणि पुढे दीड-दोनशे वर्षं युरोपभरचे चित्रकार तो उघडून बघत राहिले. कुठल्या कल्पनेच्या हातात काय, डोक्यावर काय, पायाशी कोणता प्राणी. कोश म्हणून तो अजोड आहे. पण त्यावरून उतरवलेल्या कितीतरी आकृत्या सामान घेऊन उभ्या आहेत, आणि त्यांना काही करायचं आहे असं वाटत नाही.

त्याच्या तीनशे वर्षं आधीचा इटालियन चित्रकार जोत्तो बघा. पाडुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये, साधारण १३०५ च्या सुमारास, त्याने भिंतीच्या खालच्या पट्टीत सात सद्गुण आणि सात दुर्गुण समोरासमोर रंगवले. दगडात कोरल्यासारखे दिसावेत म्हणून एकरंगी. त्यातली असूया मी विद्यार्थ्यांसमोर सर्वांत जास्त वेळ ठेवतो. म्हातारी बाई, कान अवास्तव मोठे, पायाशी जाळ. एका हाताने थैली घट्ट आवळलेली, दुसरा हात पुढे काहीतरी ओरबाडायला निघालेला. आणि तिच्या तोंडातून जिभेच्या जागी साप बाहेर पडतो, वळतो आणि तिच्याच डोळ्यांवर येतो. तिच्याजवळ थैली आहेच, तरी हात पुढे आहे. कान मोठे, कारण दुसऱ्याचं काय चाललं आहे हे तिला ऐकायचं असतं. बोललेलं परत फिरून बघण्याच्या इंद्रियालाच डसतं. यातली एकही वस्तू नुसती ओळखीसाठी ठेवलेली नाही. प्रत्येक गोष्ट काम करते आहे, आणि ती काढून टाकली तर असूयेबद्दलचं एक निरीक्षण निघून जाईल.

अथेन्समध्ये इसवीसनपूर्व चौथ्या शतकात केफिसोडोटस या शिल्पकाराने शांततेची मूर्ती केली. मूळ ब्राँझ गेलं, संगमरवरी रोमन प्रतिकृती म्युनिकमध्ये आहे. एक प्रौढ स्त्री कडेवर तान्हं मूल घेऊन उभी आहे, मूल तिच्या तोंडाकडे हात नेतं आहे आणि ती त्याच्याकडे झुकून बघते आहे. मूल म्हणजे संपत्ती, प्लुटोस. शांतता असली की समृद्धी येते, हे वाक्य किती वेळा ऐकलं आहे. पण संपत्ती अजून तान्ही आहे, ती कडेवरून उतरवली तर जगणार नाही, हे त्या झुकलेल्या मानेतून कळतं.

न्यायदेवतेची गोष्ट वेगळी, कारण तिथे वस्तूचा अर्थच उलटा फिरला. पॉसेनियस या प्रवाशाने दुसऱ्या शतकात ऑलिम्पियात एक कोरीव पेटी पाहिली होती. त्यावर न्याय ही सुंदर स्त्री अन्याय नावाच्या कुरूप स्त्रीचा एका हाताने गळा दाबते आणि दुसऱ्या हाताने तिला काठीने मारते. तराजू नाही, पट्टी नाही, सरळ मारामारी. डोळ्यांवरची पट्टी फार उशिरा आली, आणि आली ती टीका म्हणून. १४९४ मध्ये बाझेलला छापलेल्या एका पुस्तकातल्या लाकूडठशात एक विदूषक मागून येऊन न्यायाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. कोर्टकज्जे करणाऱ्या मूर्खांवरचा तो वार होता. पण १५४३ मध्ये बर्नच्या कारंज्यावर जी न्यायमूर्ती उभी राहिली, तिच्या डोळ्यांवरची पट्टी निःपक्षपातीपणाची खूण झालेली होती. पन्नास वर्षांत आंधळेपणाचा सद्गुण झाला. २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नव्या मूर्तीची बातमी आली, त्यात पट्टी काढलेली आहे, तराजू ठेवला आहे आणि तलवारीच्या जागी संविधान आहे. लोकांनी या बदलावर हिरिरीने वाद घातला. माझ्या दृष्टीने तो वाद हीच तिच्या जिवंतपणाची खूण आहे, कारण न्यायाने नक्की काय करावं हा प्रश्न त्या पट्टीत गुंतलेला आहे.

वर्गात मी एक सराव देतो. 'संशय' काढा, पण नाव लिहायचं नाही. पहिल्या फेरीत निम्म्या वह्यांत प्रश्नचिन्ह येतं, उरलेल्यांत दोन तोंडं किंवा मुखवटा. मग मी सांगतो, चित्र बाजूला ठेवा. हा संशय एखाद्या खोलीत शिरला तर पहिल्यांदा काय करेल? एका मुलीने एकदा उत्तर दिलं, 'सर, तो दार पूर्ण लावणार नाही.' तिने मग फट राहिलेलं दार आणि दाराला टेकलेली पाठ काढली. चेहरा काढलाच नाही. सगळ्या वर्गाने एका आवाजात ओळखलं.

आता बायकांचा प्रश्न. पहिलं आणि साधं कारण व्याकरणाचं आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांत भाववाचक नामं मोठ्या प्रमाणावर स्त्रीलिंगी असतात, आणि नामाचं लिंग आकृतीत उतरतं. विष्णूची आयुधं माणसाच्या रूपात दाखवताना गदा ही स्त्री होते, ती याच नियमाने. रशियन चित्रकार रेपिन याला जर्मन चित्रकार पाप हे स्त्री म्हणून रंगवतात याचं नवल वाटायचं. रशियनमध्ये पाप पुल्लिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, एवढाच फरक. मरणाचंही तसंच. जर्मन चित्रात तो पुरुष, फ्रेंचमध्ये ती स्त्री. इसवीसनपूर्व ५१५ च्या सुमारास युफ्रोनिओसने रंगवलेल्या प्रसिद्ध ग्रीक भांड्यावर झोप आणि मरण हे दोघे पंखवाले, चिलखत घातलेले पुरुष आहेत, आणि ट्रॉयच्या युद्धात मेलेल्या सार्पेडन या वीराचा भला मोठा देह वाकून उचलत आहेत. मराठीत तर आणखी एक मजेदार गोष्ट आहे. न्याय पुल्लिंगी, तरी आपली न्यायदेवता स्त्रीच, कारण 'देवता' हा शब्दच स्त्रीलिंगी आहे.

पण व्याकरणाने सगळं सुटत नाही. समाजाने बाईकडे कसं पाहिलं हेही त्यात आहे. ज्या अथेन्समध्ये बायकांना मताचा अधिकार नव्हता, तिथे इसवीसनपूर्व ३३७–३३६ च्या एका शिलालेखावर लोकशाही ही स्त्री होऊन जनतेला, म्हणजे बसलेल्या दाढीवाल्या पुरुषाला, मुकुट घालते आहे. खऱ्या बाईला सभेत जागा नसेल तर तिचं रूप कल्पनेसाठी मोकळं राहतं. हे वाचताना मला नेहमी अस्वस्थ वाटतं, आणि नाटक लिहिणाऱ्याने ही अस्वस्थता बाजूला ठेवू नये असं वाटतं.

आणि व्याकरण मोडून बाई झालेलं एक पात्र महाभारतात आहे. माझ्या मते जगातल्या कुठल्याही साहित्यातलं हे सर्वांत थोर मानवीकरण आहे. मृत्यू हा शब्द संस्कृतात एरवी पुल्लिंगी, वेदांत मृत्यू पुरुषच आहे. पण शांतिपर्वात जी कथा येते तिथे ती मुलगी आहे. प्रजा इतकी वाढली की श्वास घ्यायला जागा उरली नाही. ब्रह्मदेवाच्या क्रोधाचा अग्नी सगळं जाळत सुटला. शंकरांनी दया मागितली, तेव्हा त्याने तो अग्नी आवरला, आणि आवरताना त्याच्या इंद्रियांतून एक स्त्री बाहेर पडली. काळी, लाल वस्त्र नेसलेली, लाल डोळ्यांची. ती दक्षिणेकडे जाऊन उभी राहिली. ब्रह्मदेव म्हणाला, मृत्यो, या प्रजेला मार, शहाणे आणि मूर्ख असा भेद करू नकोस.

ती रडू लागली. ब्रह्मदेवाने तिची आसवं आपल्या हातांत झेलली. ती म्हणाली, मी असं क्रूर काम कसं करू, ज्यांची माणसं जातील त्यांच्या रडण्याचं मला भय वाटतं. ती निघून गेली, एका पायावर उभी राहून वर्षानुवर्षं तप केलं, हे काम आपल्याकडे नको म्हणून. शेवटी ब्रह्मदेवाने सांगितलं की तुझी जी आसवं मी हातांत धरली होती तेच रोग होतील आणि वेळ आली की माणसांना नेतील, तुला पाप लागणार नाही. शापाच्या भीतीने तिने मान्य केलं.

या कथेत मृत्यूच्या हातात काहीही नाही. पाश नाही, दंड नाही. तिला जे करायचं आहे त्याच्याविरुद्ध तिचं मन आहे, एवढ्यावर ती उभी राहते. रोग म्हणजे मृत्यूचे अश्रू, हे वाचल्यावर आजारी माणसाच्या उशाशी बसताना मला पुष्कळदा तिची आठवण आली आहे.

रंगमंचावरचा दाखलाही आपल्याकडे आहे. अकराव्या शतकात कृष्णमिश्राने चंदेल राजा कीर्तिवर्म्याच्या काळात 'प्रबोधचंद्रोदय' लिहिलं. त्यात विवेक, महामोह, दंभ, अहंकार, करुणा अशीच पात्रं आहेत. नाटक आपल्या मताच्या बाजूने उघडपणे लिहिलेलं आहे, इतर पंथांना ते न्याय देत नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावं. पण तिसरा अंक बघा. शांती आपल्या हरवलेल्या आईला शोधत निघाली आहे, आणि आई आहे श्रद्धा. ती एकेका पंथाच्या दारात जाते. तिथला साधू 'श्रद्धे' म्हणून हाक मारतो आणि त्याच्याच वेषातली कुणी एक बाई पुढे येते. नाव तेच, पण ही आई नव्हे. शांती हादरते, करुणा तिला सावरते, ही तामसी आहे गं, तुझी नव्हे. सिद्धांताच्या बाजूचे सगळे युक्तिवाद विसरलो तरी आईच्या नावाने भलतीच बाई समोर आलेली ही मुलगी विसरता येत नाही.

आता ताईंच्या विस्मरणाकडे येतो. सर्वांत आधी 'विस्मरण' हे नाव बदलायचा विचार करा. मराठीत या एका गोष्टीला तीन शब्द आहेत आणि तिघांची लिंगं वेगळी. विस्मरण नपुंसकलिंगी, ते 'होतं', आणि नुसतं होणाऱ्या गोष्टीला रंगमंचावर आणणं अवघड. विस्मृती स्त्रीलिंगी, पण ती पुस्तकी आहे, ती बहुतेक वेळा 'विस्मृतीत जाणं' अशी जागा म्हणून येते. तिच्यात माणसं जातात, ती स्वतः कुठे जात नाही. तिसरा 'विसर', पुल्लिंगी, आणि तो 'पडतो'. सावली पडते, पाऊस पडतो, भूल पडते, तसा विसर पडतो. वरून, अलगद, कुणाचं लक्ष नसताना. हा नट दारातून येणार नाही. तो आधीपासूनच कुठेतरी वर बसलेला असेल, आणि कधी खाली आला हे कुणाला कळलेलं नसेल.

मग त्याचे नातेवाईक ठरवा. हेसिअडकडे विस्मरण ही कलहाची मुलगी, कष्ट आणि उपासमार यांची बहीण आहे. भागवतात स्मृती मेधेची आहे, पण विसराची आई कुणी सांगितलेली नाही, ती जागा तुमच्यासाठी मोकळी आहे. ती वय असेल, दुःख असेल, की दया असेल? दयेच्या पोटचा विसर आणि कलहाच्या पोटचा विसर एकाच माणसाच्या उशाशी सारखे बसणार नाहीत. हेसिअडसारखे दोन भाऊ करायलाही हरकत नाही.

हातात एकच वस्तू द्या, आणि ती त्याने नाटकात वापरलीच पाहिजे. खोडरबर, धुकं, कोरा कागद हे सगळं काढून टाका, ती वर्गातली प्रश्नचिन्हं आहेत. त्याला दुसऱ्यांच्या वस्तू उचलून जरा बाजूला ठेवू द्या, इतकंच, चोरू नका देऊ.

आणि मृत्यूच्या त्या मुलीला विचारलेला प्रश्न त्यालाही विचारा: त्याला हे काम हवं आहे का? माझ्या डोळ्यांसमोर जो प्रवेश येतो तो असा. आजीला नातवाचं नाव आठवत नाही. विसर तिच्या मागे उभा आहे आणि त्याला ते नाव माहीत आहे. त्याच्याजवळ सगळ्यांची सगळी नावं आहेत, तोच एकटा काही विसरलेला नाही. आजी मान वळवते, त्याच्याकडे बघते आणि विचारते, 'तू कोण रे बाळा?' त्याला नातवाचं नाव ओठांवर येतं. पहिला अंक इथे संपवून बघा, आणि त्याने काय उत्तर दिलं ते दुसऱ्या अंकापर्यंत नटालाही सांगू नका.